जहाजावरच्या बहिणी



आज आम्ही तुम्हाला समुद्राची गोष्ट सांगणार आहोत. आधीच कबूल करतो, आमच्या गटात आम्ही १४ जणी आहोत आणि त्यातल्या नऊ जणींनी समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमचा मुलूख कोरडवाहू. पाणी पाहिलं ते विहिरीचं, टँकरचं, नाहीतर साखर कारखान्याजवळच्या कालव्याचं. मग आम्ही समुद्राची गोष्ट कशी सांगणार, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका तर खरं. गोष्ट समुद्राची असली तरी त्यातली बाई आपल्यासारखीच आहे.

झालं असं की आमच्या एका मैत्रिणीची मुलगी तालुक्याला कॉलेजात शिकते. तिला एक जाड इंग्रजी कादंबरी वाचायला होती. तिने ती वाचली, आणि दर शनिवारी बचतीचे पैसे जमा झाले, वही लिहून झाली, की ती आम्हाला मराठीत सांगायला लागली. सहा शनिवार लागले. पहिल्या शनिवारी आम्ही पाच जणी थांबलो होतो. सहाव्या शनिवारी सगळ्या होत्या, आणि दारात दोन सासवाही येऊन बसल्या होत्या.

कादंबरीचं नाव 'सी ऑफ पॉपीज'. म्हणजे अफूच्या फुलांचा समुद्र. लेखक अमिताव घोष. ते मूळचे कोलकात्याचे. ही कादंबरी २००८ साली आली. पुढे २०१८ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला ज्ञानपीठ मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आता अफू म्हटलं की आपण दचकतो. पण दिवाळीत अनारसे थापताना आपण खाली काय पसरतो? खसखस. ती त्याच झाडाचं बी. त्या झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, त्याची अफू होते.

गोष्ट सुरू होते १८३८ साली, गंगेच्या काठी, गाझीपूरजवळच्या एका खेड्यात. तिथे दीती नावाची बाई राहते. तिला कबुतरी नावाची लहान मुलगी आहे. नवरा हुकम सिंग पूर्वी शिपाई होता, लढाईत जखमी झाला, दुखणं सोसेना म्हणून अफू घ्यायला लागला आणि आता अफूच्याच कारखान्यात कामाला जातो. तो कारखाना लेखकाने मनाने रचलेला नाही. गाझीपूरला इंग्रजांचा अफूचा कारखाना खरंच होता आणि आज तिथे सरकारचा कारखाना आहे. तिथली अफू आता औषधांसाठी वापरतात.

पूर्वी दीतीच्या गावात लोक गहू लावायचे, डाळी लावायच्या, आणि अफू थोडीशी, घरापुरती. मग कंपनी सरकारचे लोक आले. त्यांनी शेतकऱ्यांना आधी पैसे दिले आणि सांगितलं, अफू लावा. माल घेणार कंपनीच, आणि भाव ठरवणारही कंपनीच. एकदा पैसे घेतले की नाही म्हणायची सोय नाही. पीक हातात आलं की हिशेबात शेतकऱ्याकडेच बाकी निघायची. आमच्यातल्या थोरल्या आत्या इथे म्हणाल्या, "म्हणजे उचलच की गं ही!" हो आत्या, उचलच.

आणि एक बारीक गोष्ट सांगतो, जी आमच्या फार लक्षात राहिली. दीतीच्या घराचं छप्पर गळतं. ते शाकारायला गव्हाचं काड पाहिजे. पण गहू पेरलाच नाही, तर काड कुठून येणार? चहूकडे अफूची पांढरी फुलं डोलतायत, बघणाऱ्याला दृश्य सुंदर दिसतं, आणि घरात धान्य नाही, डोक्यावर छप्पर नाही. नगदी पिकाच्या मागे लागून ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर दावणीची गाय गेली, हे आपण आपल्या गावात पाहिलंय. म्हणून हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ही अफू जायची कुठे? चीनला. इंग्रजांना चीनचा चहा पाहिजे होता आणि चिनी व्यापारी त्याच्या बदल्यात चांदी मागायचे. चांदी किती देणार? म्हणून त्यांनी हिंदुस्थानात अफू पिकवायची आणि चीनमध्ये विकायची असा मार्ग काढला. चीनमध्ये अफूला बंदी होती, तरी चोरून माल उतरवला जायचा. लाखो माणसं व्यसनाला लागली. शेवटी १८३९ साली चीनच्या बादशहाच्या एका अधिकाऱ्याने, लिन त्सेशू त्यांचं नाव, व्यापाऱ्यांकडून २० हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. त्यावरून इंग्रजांनी चीनशी युद्ध केलं. ते १८४२ साली संपलं आणि त्यात हाँगकाँग बेट इंग्रजांना मिळालं. दारूबंदीसाठी आपण बायांनी गावात मतदान घेतलं तेव्हा काय काय झालं ते आठवा. इथे तर एका देशाने नशा विकायच्या हक्कासाठी दुसऱ्या देशावर तोफा डागल्या.

या सगळ्यात आपली मुंबईही होती बरं का. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या कित्येक व्यापाऱ्यांनी त्यात पैसा केला. सर जमशेटजी जीजीभॉय यांचा चीनशी मोठा व्यापार होता, त्यात अफूही होती. त्यांनी पुढे दानधर्मही फार मोठा केला. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच नावाचं. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन तिथेच झालं, माणूस वाचला. ती म्हणाली, "आता मी काय म्हणू? अफूच्या पैशाला शिव्या देऊ की दवाखान्याला हात जोडू?" आम्ही म्हटलं, दोन्ही खरं आहे, दोन्ही लक्षात ठेवायचं. याच लेखकाच्या पुढच्या कादंबरीत, 'रिव्हर ऑफ स्मोक' तिचं नाव, मुंबईचा बहराम मोदी नावाचा पारशी व्यापारी अफूने भरलेलं जहाज घेऊन चीनला जातो. आणि तिसऱ्या कादंबरीत, 'फ्लड ऑफ फायर'मध्ये, दीतीचा भाऊ केसरी सिंग कंपनीचा हवालदार म्हणून चीनशी लढायला जातो. बघा, बहीण अफू पिकवते आणि भाऊ अफूसाठी लढतो. दोघांनाही त्यातलं काही मिळत नाही.

आता दीतीकडे परत येऊ. तिच्या लग्नाच्या रात्री सासूने तिला अफू पाजली होती. शुद्ध हरपली असताना तिच्यावर अत्याचार झाला. कबुतरी नवऱ्याची नाही, दिराची, हे तिला पुढे सासूच्याच तोंडून कळतं. नवरा मरतो तेव्हा दीर तिच्यावर हक्क सांगायला येतो. त्याच्या हाती जाण्यापेक्षा ती सती जायला तयार होते. सतीबंदीचा कायदा १८२९ सालीच झाला होता, पण गावात कायदा कोण विचारतो? ती मुलीला आधीच माहेरी, भावाच्या घरी पाठवते. चितेवरून तिला ओढून काढतो तो कलुवा. तो चामड्याचं काम करणाऱ्या जातीतला, बैलगाडी हाकणारा. ती उच्च जातीची. दोघं नदीतून निसटतात आणि एकमेकांशी लग्न करतात. आता मागे गेलं तर मरण, म्हणून पुढे जातात. पोटासाठी ते गिरमिटिया होतात.

हा शब्द कसा आला? मजुरांशी करार व्हायचा. कराराला इंग्रजीत ॲग्रीमेंट. लोकांच्या तोंडी त्याचं झालं गिरमिट. गिरमिटावर गेलेला तो गिरमिटिया. इंग्रजांनी १८३३ साली आपल्या वसाहतींमधली गुलामी बंद करण्याचा कायदा केला. गुलाम मोकळे होणार, मग उसाच्या मळ्यात राबणार कोण? म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशस बेटावर उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये. पुढे पाऊणशे वर्षांत त्या एका बेटावर सुमारे साडेचार लाख माणसं गेली. गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिका, सुरीनाम, फिजी, सगळीकडे मिळून दहा लाखांहून जास्त.

कादंबरीतल्या जहाजाचं नाव 'आयबिस'. ते पूर्वी गुलाम वाहून नेणारं जहाज होतं. माणसं कोंबायची तीच जागा, आता फक्त त्यांच्या हातात कागद होता. आमची कॉलेजातली पोर म्हणाली, "लेखकाला जे सांगायचंय ते या जहाजातच आलं."

समुद्र ओलांडणं म्हणजे काळं पाणी. जात गेली, घर गेलं, असं लोक मानायचे. पण त्या जहाजाच्या पोटात, अंधारात, उलट्या आणि घाण सोसत बसलेल्या बाया एक गोष्ट ठरवतात. आपण एका जहाजातून निघालो, म्हणजे आता आपण भावंडं. जहाजभाई आणि जहाजबहिणी. हा शब्दही खराच आहे, गिरमिटिया लोक तो जन्मभर पाळायचे. जहाजबहिणीच्या घरी लग्नकार्याला जायचं, तिच्या मुलाला आपली मुलगी द्यायची नाही, कारण ते सख्ख्यासारखं नातं. कादंबरीत जहाजावर एका बाईचं लग्न लागतं तेव्हा बाया गाणी म्हणतात. दीती सगळ्यांची भौजी होते, म्हणजे आपली वहिनी. भांडण झालं तर तिच्याकडे, कुणी आजारी पडलं तर तिच्याकडे. आम्ही हसलो, म्हटलं, ही तर गटाची अध्यक्षच झाली.

जहाजावर लष्करही असतात. म्हणजे सैन्य नव्हे, त्या काळी जहाजावरच्या देशी खलाशांना लष्कर म्हणायचे. त्यांच्या मुकादमाला सरंग आणि त्याच्या हाताखालच्याला टिंडल. आमच्या गटात कोकणातून लग्न होऊन आलेली एक सून आहे. ती एकदम म्हणाली, "आमच्याकडे होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात, तोच हा शब्द!" तेव्हा आम्हाला पटलं, समुद्र आपल्यापासून इतकाही लांब नाही.

तिच्याकडूनच पुढचा धागा लागला. मॉरिशसला गेलेले सगळे बिहारचे नव्हते. मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यात रत्नागिरी भागातली आपली मराठी माणसं होती. त्यांची पतवंडं आज तिथे आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला मॉरिशस देशात सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. पण कित्येकांची आडनावं गेली. नोंद करणाऱ्या साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, बापाचं नाव तेच घराण्याचं नाव झालं. कादंबरीत कलुवाचं असंच होतं. तो बापाचं नाव माधू सांगतो, स्वतःचं कलुवा, आणि साहेब लिहितो मॅडो कोल्व्हर. पुढे अख्खं खानदान कोल्व्हर होतं. दीती तर नोंदीत आपलं खरं नाव अदिती असं सांगते. इतकी वर्षं ती कुणाची सून, कुणाची बायको, कबुतरीची आई. समुद्रापार जाताना तिला स्वतःचं नाव मिळतं. हे ऐकून आम्ही सगळ्या जरा वेळ गप्प होतो.

तुम्ही विचाराल, ही तर रचलेली गोष्ट, यातलं खरं किती? आम्हीही विचारलं. दीती, कलुवा, आयबिस हे लेखकाचे. अफू, करार, जहाजं, उसाचे मळे हे इतिहासातले. मग गोष्ट रचायची कशाला? कारण दप्तरात साहेबाने लिहिलं ते आहे: नंबर, नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. पण कबुतरीला सोडून निघताना आईला काय वाटलं, हे कुठल्या रजिस्टरात सापडणार? त्या बायांना लिहिता येत नव्हतं. राज्य करणाऱ्यांनी आपली बाजू लिहून ठेवली. आपली बाजू आता आपल्याकडचे लेखक कादंबरीतून सांगतायत.

मळ्यावरचं जिणं कसं होतं, तेही सांगतो. मॉरिशसमध्ये एक नियम होता, त्याला डबल कट म्हणायचे. एक दिवस कामाला गेला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. ताप असो, काही असो. १८६७ नंतर तर फोटो लावलेला परवाना जवळ नसेल तर माणसाला रस्त्यात पकडायचे.

हे ऐकलं आणि आमच्यातली एक जण उठून उभी राहिली. ती आठ वर्षं ऊसतोडीला जाते. म्हणाली, "हा तर खाडा!" ज्या बाया तोडीला जातात त्यांना सांगायला नको. जोडीने कोयता धरायचा, उचल घ्यायची, आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा. गेल्या हंगामात तिला तीन दिवस ताप होता. मुकादमाने तिच्या हिशेबात खाडे मांडले, आणि परत आल्यावर उचल फिटायच्या ऐवजी अंगावर बाकी निघाली. कागद तिने पाहिलाच नव्हता. तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

मग ती म्हणाली, "आणि माझी पण कबुतरी आहे." तिची मुलगी सहावीत आहे. सहा महिने आजीजवळ राहते. आजीला दिसत नाही, तर स्वयंपाक पोरगीच करते. या वर्षी सासरचे म्हणत होते, पोरीलाही घेऊन जा, लहान भावाला सांभाळील. त्या शनिवारी गोष्ट तिथेच थांबली. आम्ही पुढचं ऐकलं नाही, तिच्याबद्दलच बोलत बसलो.

आम्ही काही मोठं केलं नाही. दोघी जणी तिच्याबरोबर शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी केली. ग्रामसेवकांकडे जाऊन ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राचा अर्ज भरला. आणि या वर्षी उचल घेताना कागद घरी मागवून घेतला, कॉलेजातल्या पोरीने तो मोठ्याने वाचला, त्याचा मोबाईलवर फोटो काढला, मग सही केली. मुकादम म्हणाला, "एवढं काय त्यात?" आम्ही म्हटलं, "काही नाही भाऊ, वाचायला काय जातंय." पोरगी गावातच राहिली आहे. शाळेत जाते. आम्ही आळीपाळीने तिच्या आजीकडे भाकरी पाठवतो. आई गेली आहे तोडीला. तिला जावं लागलं, ते आम्ही थांबवू शकलो नाही. हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण गिरमिट बंद झालं, हेही खरं आहे. ते आपोआप झालं नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले, त्यांनी १९१२ साली कौन्सिलात गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या मतांनी तो पडला. पुढे फिजीमधल्या कुंती नावाच्या एका मजूर बाईची हकीकत 'भारतमित्र' या हिंदी पत्रात छापून आली. तिला केळीच्या बागेत एकटीला कामाला लावलं होतं. गोरा देखरेख करणारा अंगावर आला, तेव्हा तिने स्वतःला सोडवून नदीत उडी घेतली. एका मुलाने तिला होडीत ओढून वाचवलं. तिची हकीकत देशभर पसरली, लोक पेटून उठले. १९१७ साली मजुरांची जहाजं थांबली. तेव्हा ठराव मांडणारे गोखले जितके महत्त्वाचे, तितकीच आपली गोष्ट सांगणारी कुंती महत्त्वाची.

मॉरिशसच्या पोर्ट लुई शहरात बंदरावर दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेले मजूर त्या पायऱ्या चढून आत जायचे. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ साली ती जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. दरवर्षी २ नोव्हेंबरला तिथले लोक त्या पूर्वजांची आठवण करतात. मजुरांची जुनी रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. नातवंडं-पतवंडं येतात, आपल्या आजीच्या आजीचं नाव शोधतात.

आमच्या गटाने या गोष्टीनंतर एक वही केली आहे. बचतीची नव्हे, दुसरी. आपल्या घरातून कोण कोण बाई कामासाठी गाव सोडून गेली, तिचं माहेरचं नाव काय, कुठे गेली, कुठल्या साली, परत आली का, एवढंच लिहायचं. कुणाची आजी दुष्काळात मुंबईला गेली, कुणाची आत्या वीटभट्टीवर, कुणाची आई दर वर्षी कारखान्यावर. आतापर्यंत ३१ नावं झाली. सात जणींचं माहेरचं नाव कुणालाच आठवत नाही. आम्ही ती जागा कोरी ठेवली आहे. विचारत राहू, कुणाला तरी आठवेल.

तुमच्या गटातही अशी वही करा. शनिवारी हिशेब झाला की दहा मिनिटं बसा. थोरल्या बायांना विचारा, त्या आहेत तोवर. आणि आपल्यापैकी कुणी या हंगामात निघत असेल, तर कागद वाचल्याशिवाय तिला गाडीत बसू देऊ नका, आणि तिची कबुतरी कुणाजवळ राहणार ते विचारा.

बरं, कादंबरीत पुढे काय होतं? जहाजावर पहारेकऱ्यांचा सुभेदार दीतीवर हात टाकतो, कलुवा त्याला मारतो, त्याला फाशीची शिक्षा होते, आणि एका वादळी रात्री तो चार जणांबरोबर होडीतून पळतो. दीती डेकवर उभी राहून बघते. पुढचं आम्ही सांगत नाही. ते तुम्ही कुणाकडून तरी ऐका, कॉलेजातल्या एखाद्या पोरीला कामाला लावा.

आज इथेच थांबतो. राम राम, मैत्रिणींनो.